मोटरहोमसाठी वेगळा जीपीएस घ्यावा की मोबाईलच पुरे? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज

बिऱ्हाडवाला

नमस्कार मंडळी, इथे वर्षभर नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. दोन महिन्यांपूर्वी आम्ही सेकंडहँड मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) घेतलं, लांबी 7 मीटरला थोडी कमी, कागदावर उंची 2.95 मीटर. त्याआधी सगळं आयुष्य साध्या कारमध्ये गेलं त्यामुळे रस्ता शोधायचा म्हणजे मोबाईल काचेला चिकटवायचा आणि आतली बाई सांगेल तिकडे वळायचं एवढंच माहीत. गेल्या रविवारी त्या बाईने चार मिनिटं वाचवायला म्हणून आम्हाला मेन रोडवरून काढून एका आतल्या रस्त्यावर घातलं आणि पुढे वळण संपतंय तोच रेल्वेखालची दगडी कमान. बोर्ड 2.7 मीटर. दोन्ही बाजूंना भिंती, वळवायला जागा नाही, मागे पाच गाड्या येऊन थांबलेल्या. बायको खाली उतरली, एकेका गाडीवाल्याला विनवून मागे घ्यायला लावलं आणि मी आरशात तिचा फक्त एक हात बघत बघत जवळजवळ पाव किलोमीटर रिव्हर्स आलो. ओरखडा एक नाही, पण नंतर तासभर गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही.

तर आता ठरवलंय की मोटरहोमसाठी वेगळा मिळतो तो जीपीएस घ्यायचा. पण प्रश्न बरेच आहेत. एक म्हणजे कारवाला आणि कॅम्परवाला (म्हणजे मोटरहोमचा) यात खरंच फरक असतो की नुसतं नाव बदलून विकतात? स्क्रीन 7 इंची पुरते की 10 च घ्यावी? डोंगरात रेंज नसते तिथे चालतो का, की सिमकार्ड टाकावं लागतं? आणि एक मित्र ट्रक चालवायचा, त्याच्याकडचा जुना ट्रकचा नॅव्हिगेटर तो फुकट देतोय, तो चालेल का? बायकोची अट एकच, आवाज इंजिनच्या वर ऐकू आला पाहिजे, तिला ओरडून सांगावं लागता कामा नये.

नकाशावेडा

भाऊ स्वागत! पहिल्या दोन महिन्यांतच कमान बघितलीत म्हणजे तुम्ही आमच्यातलेच झालात :)

आता उत्तर. डिव्हाइस कुठलं ते नंतर, आधी टेप घ्या आणि गाडी मोजा. खरंच सांगतो. कागदावरची 2.95 ही कारखान्यातून गाडी निघाली तेव्हाची उंची असते, तुम्ही सेकंडहँड घेतलीय म्हणजे आधीच्या मालकाने छतावर काय काय बसवलंय कोणास ठाऊक. एसी, डिश, सोलरचं पॅनल, छताची खिडकी, सामानाचा बॉक्स, यातलं सगळ्यात उंच जे असेल तिथून जमिनीपर्यंत मोजायचं. एक लांब सरळ फळी छतावरच्या सगळ्यात उंच वस्तूवर आडवी ठेवा, बाहेर आलेल्या टोकापासून खाली टेप सोडा, फळी आडवीच आहे ना हे मोबाईलच्या लेव्हलने बघा. सपाट जागेवर, टायरला हवा बरोबर असताना, टाक्या रिकाम्या असताना मोजा, कारण भरलेली गाडी थोडी बसते आणि आपल्याला सगळ्यात जास्त उंची हवी असते. त्यात वरून 10 सेंटिमीटर घाला आणि तो आकडा डिव्हाइसमध्ये भरा. रुंदीचंही तसंच, कॅटलॉगमधली रुंदी बहुतेक वेळा आरसे सोडून दिलेली असते, आणि आरसे धरले की गाडी चांगली वीतभर-दीडवीत वाढते. सायकलचा रॅक मागे लावत असाल तर लांबी पण वाढली. वजनाच्या जागी रिकाम्या गाडीचं वजन भरू नका, कागदावर जे कमाल परवानगीचं वजन आहे ते भरा. 100 लिटर पाणी भरलं की तिथेच 100 किलो झाले, हे आपण विसरतो.

आता कारवाला आणि कॅम्परवाला. फरक आहे आणि नावाचा नाही. कारच्या नॅव्हिगेटरला किंवा नेहमीच्या मोबाईल मॅपला गाडीची उंची विचारायची सोयच नाही, त्याच्या दृष्टीने तुमचं मोटरहोम आणि छोटी हॅचबॅक एकच. कॅम्परवाल्यात उंची, रुंदी, लांबी, वजन भरता येतं आणि तो त्याप्रमाणे रस्ता काढतो. गार्मिन कंपनीची अशी मालिका काही ठिकाणी कॅम्पर नावाने मिळते, अमेरिकेत तीच आरव्ही (तिकडे मोटरहोमला म्हणतात ते) नावाने, आणि टॉमटॉमची गो कॅम्पर म्हणून आहे. गार्मिनच्यात पुढे चढ-उतार तीव्र आहे, वळण तीव्र आहे अशी सूचना पण येते. गॅसची टाकी असलेल्या गाड्यांना काही बोगद्यांत मनाई असते, ती सेटिंग दिसली तर आवर्जून भरा.

रेंजचं म्हणाल तर जीपीएसला सिमकार्ड लागत नाही. तो फक्त ऐकतो, पाठवत काहीच नाही. वर साधारण 20,200 किलोमीटरवर ते उपग्रह फिरतात, त्यातले किमान चार दिसले की जागा कळते. नकाशा डिव्हाइसच्या आत भरलेला असतो म्हणून डोंगरात पण चालतो. रेंज लागते ती फक्त ट्रॅफिकसाठी. एक गंमत मात्र लक्षात ठेवा, गाडी हिवाळाभर उभी असेल आणि डिव्हाइस महिन्यांनी चालू केलं तर पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो. प्रत्येक उपग्रह आपला ताजा पत्ता सांगायला 30 सेकंद घेतो आणि सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. मोबाईल हेच सगळं नेटवरून झटकन ओढून घेतो म्हणून तो पटकन सापडवतो. नवीन माणूस घाबरतो की डिव्हाइस बिघडलं, बिघडलेलं नसतं, उघड्या आभाळाखाली गाडी उभी करून तोंडहात धुवून या.

सहाव्या_गियरात

मी उलटं सांगतो. वेगळं डिव्हाइस घेऊच नका. ट्रक आणि आरव्हीसाठीचे अॅप आहेत, सिजिकचं आहे, कोपायलट आहे, त्यात पण उंची वजन सगळं भरता येतं. आणि फुकटात पाहिजे असेल तर ऑस्मअँड टाका, गाडीची मापं भरा, नकाशे आधी उतरवून ठेवा, झालं काम. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा आहे, तो 2004 पासून लोकच भरतायत, तुमच्या त्या कमानीचे 2.7 मीटर तिथे नसतील तर तुम्ही स्वतः घालू शकता, पुढच्याचा रविवार वाचेल. कंपनीच्या नकाशात हे करून दाखवा.

नकाशावेडा

@सहाव्या_गियरात मुद्दा बरोबर आहे, मी पण कमानी घालतो. पण एक विचारतो, भर उन्हात फोन काचेला लावून चार तास नॅव्हिगेशन आणि चार्जिंग एकत्र चालवलंयत कधी? माझा फोन एका मोठ्या चौकाच्या बरोबर 300 मीटर आधी "तापमान जास्त" असं सांगून काळा झाला. तीन लेन, डावीकडे की उजवीकडे माहीत नाही, बायको मागे मुलाला पाणी देत होती. त्या दिवसापासून माझा फोन हा दुसरा पर्याय, पहिला नाही.

सहाव्या_गियरात

एसीच्या जाळीवरचं होल्डर लावा की, काचेवर कशाला. थंड हवा सरळ फोनवर येते. पण बरं, दोन्ही ठेवा, भांडत नाही. एक फोन कॉलला, एक जुना फोन नुसता नकाशाला, सिम पण नको त्यात.

डिझेलकाका

बिऱ्हाडवाला, ट्रकच्या नॅव्हिगेटरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, मी 26 वर्षं मोठ्या गाड्या चालवल्या. फुकट मिळतोय म्हणून घेऊ नको. दोन कारणं. एक म्हणजे तो जुना आहे, नकाशा किती जुना ते बघ, नवीन नकाशा त्यात मावतो का ते बघ, पूर्वीच्या डिव्हाइसमध्ये आतली जागा इतकी कमी असायची की नकाशा मोठा होत गेला तसं वेगळं मेमरी कार्ड घालावं लागायचं. आणि लाइफटाइम अपडेट असं खोक्यावर लिहिलेलं असतं ना, ते लाइफटाइम तुझं नाही, डिव्हाइसचं. कंपनीने त्या मॉडेलचा नकाशा बंद केला की लाइफटाइम संपलं.

दुसरं कारण मोठं. ट्रकच्या डिव्हाइसला वाटतं तू ट्रक आहेस. रस्त्यावर जिथे ट्रकला मनाई आहे, मालवाहू गाड्यांना मनाई आहे, तिथे तो तुला जाऊ देणार नाही, पण मोटरहोम मालवाहू नसतं, बऱ्याच ठिकाणी तुला तिथून खुशाल जाता येतं. मग तो तुला 40 किलोमीटर फिरवून आणेल आणि तू म्हणशील गुणी डिव्हाइस आहे. उलट काही ट्रकच्या डिव्हाइसमध्ये गाडीचा प्रकार बदलून कॅम्पर किंवा बस करता येतो, तसा येत असेल तर मित्राकडून महिनाभर मागून घे, वापरून बघ, मग नवीन कुठला घ्यायचा ते तुझं तुलाच कळेल.

आणि अजून एक, कमानीच्या आधी बोर्ड असतो तो वाच. डिव्हाइसला माहीत नसलेल्या कमानी भरपूर आहेत. हमरस्त्यावरच्या पुलांची मापं नकाशात बऱ्यापैकी असतात, आतल्या रस्त्यांवरच्या झाडाच्या फांद्या कोणाच्याच नकाशात नसतात.

पुलाखालून

बोर्ड वाच म्हणताय काका, बोर्ड वाचूनही लोक घुसतात हो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात डरहॅमला ग्रेगसन स्ट्रीटवर एक रेल्वे पूल आहे, खालची जागा 11 फूट 8 इंच. आधी बोर्ड लावले, मग उंच गाडी आली की सिग्नल लाल होतो आणि वळा म्हणून पाटी पेटते अशी सोय केली, तरी शंभरावर धडका तिथल्या कॅमेऱ्यात आहेत. शेवटी 2019 ला पूलच 8 इंच वर उचलला, 12 फूट 4 इंच केला. तरी धडकतायत. भाड्याने ट्रक घेतलेले लोक जास्त, म्हणजे आयुष्यभर कार चालवलेले आपल्यासारखेच, ज्यांच्या डोक्यात आपल्या गाडीला उंची असते हे बसलेलंच नसतं.

मागच्या_सीटवरून

बिऱ्हाडवाला दादा, नकाशा आमच्याकडे मी बघते, त्यामुळे तुमच्या बायकोच्या बाजूने दोन शब्द.

आवाजाची अट एकदम बरोबर आहे पण घेताना दुकानात आवाज ऐकून काही कळत नाही, दुकान शांत असतं. मोटरहोममध्ये इंजिन आहे, मागे भांडी वाजतायत, कपाटाचं दार उघडतंय मिटतंय. त्यामुळे डिव्हाइस ब्लूटूथने गाडीच्या स्पीकरला जोडता येतं का ते विचारा, नाहीतर 8-10 इंची मोठ्या डिव्हाइसचा स्पीकर आपोआप मोठा असतो असं समजू नका. स्क्रीनचं म्हणाल तर तुमची गाडी कशी आहे त्यावर आहे. व्हॅनसारखं नाक असलेली असेल तर 7 इंच भरपूर, काच जवळ असते. पण पुढून सपाट बससारखी असेल तर डॅशबोर्ड एवढा खोल असतो की काचेला लावलेल्या डिव्हाइसपर्यंत हात पोचत नाही, मग बेल्ट सोडून वाकायचं, हे चालत्या गाडीत नको. तिथे 8 किंवा 10 घ्या आणि काचेला न लावता डॅशबोर्डला लावा, घट्ट. मोठं डिव्हाइस जड असतं, आमचं एकदा उन्हाने सक्शन कप सैल होऊन सरळ माझ्या पायावर पडलं, नख काळं झालं ते दोन महिने होतं.

आणि काचेबद्दल अजून एक, काही गाड्यांच्या पुढच्या काचेत ऊन अडवायला धातूचा पातळ थर असतो, त्यातून उपग्रहाचा सिग्नल नीट येत नाही. आरशाजवळ बहुतेक एक छोटा चौकोन मोकळा सोडलेला असतो, तिथे चालतं. आम्ही चार दिवस डिव्हाइसला शिव्या दिल्या होत्या.

आता खरी गंमत. आम्हाला एक मुक्कामाची जागा सापडली होती, माहितीत लिहिलं होतं 45 30 12, म्हणजे 45 अंश 30 मिनिटं 12 सेकंद. ह्यांनी डिव्हाइसमध्ये टाकलं 45.3012. दिसायला तेच ना? नाही. अंशात ते 45.5033 होतं. फरक 0.2 अंशाचा, आणि एक अंश म्हणजे जवळजवळ 111 किलोमीटर, म्हणजे नुसतं उत्तर-दक्षिणच साडेबावीस किलोमीटर चुकलं, पूर्व-पश्चिमचं वेगळंच. रात्री नऊला आम्ही एका शेताच्या मधोमध, डिव्हाइस म्हणतंय "तुम्ही पोचलात". समोर एक गाय. तेव्हापासून नंबर मी टाकते, आणि आकडे कुठल्या पद्धतीत आहेत ती सेटिंग आधी बघते. घेताना तुम्ही पण बघा की डिव्हाइसमध्ये दोन्ही पद्धतीने टाकता येतं का, काही स्वस्तातल्यात ही सेटिंग मेनूत एवढी आत पुरलेली असते की ऐनवेळी सापडत नाही.

डिझेलकाका

गाय तरी ओळखीची निघाली असती तर बरं झालं असतं ताई.

बिऱ्हाडवाला

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार. नकाशावेडा, तुमचं वाचून काल संध्याकाळी टेप आणि फळी घेऊन आम्ही दोघं गाडीवर चढलो, म्हणजे मी शिडीवर चढलो आणि ती खाली टेप धरून. निघाली किती माहितेय? 3.12. छतावर एसी आहे तो आम्हाला माहीत होता पण त्याच्या मागे आधीच्या मालकाने डिशचा स्टँड ठेवलाय, डिश काढून नेली आणि स्टँड तसाच, तो सगळ्यात उंच. म्हणजे गेले दोन महिने मी 2.95 समजून चालवत होतो आणि त्या आधीच्या रविवारी एका 3.1 च्या बोर्डखालून शिट्टी वाजवत जायच्या बेतात होतो, पाऊस आला म्हणून बेत बदलला. हे वाचून बायको म्हणाली आता डिव्हाइस मीच निवडणार.

डिझेलकाका, मित्राचा नॅव्हिगेटर बघितला, प्रकार बदलता येत नाही, फक्त ट्रक, आणि नकाशा चार वर्षांपूर्वीचा. परत दिला. माझी गाडी व्हॅनसारख्या नाकाची आहे म्हणून 7 किंवा 8 इंची कॅम्परवाला घ्यायचा ठरतंय, आणि जुन्या फोनमध्ये ऑस्मअँड टाकून ठेवतोय. अजून एक प्रश्न, पुढच्या ट्रिपचा रस्ता मी कंप्युटरवर बसून आखतो, सगळे थांबे वगैरे, ती फाईल डिव्हाइसमध्ये टाकली की तो तसाच नेईल ना?

नकाशावेडा

3.12! तो स्टँड आधी काढा, मग पुढचं.

फाईलचं असं आहे. नकाशाचा रस्ता जीपीएक्स नावाच्या फाईलमध्ये साठवतात, त्यात सुटे पॉइंट सोडले तर रस्त्याचे दोन प्रकार येतात, ट्रॅक आणि रूट. ट्रॅक म्हणजे रस्त्यावर ओढलेली रेघ, रूट म्हणजे थांब्यांची यादी. रूट टाकलात तर डिव्हाइस ते थांबे घेतो आणि मधला रस्ता स्वतःच्या डोक्याने परत काढतो, म्हणजे तुम्ही कंप्युटरवर नदीकाठचा आखला असेल आणि त्याला हायवे बरा वाटला तर तो हायवेनेच नेणार. मग त्याला बांधून ठेवायला तुम्ही मधे मधे बरेच पॉइंट घालता, आणि ते थांबा म्हणून घातले तर प्रत्येक पॉइंटला "तुम्ही पोचलात" म्हणतो आणि एखादा पॉइंट चुकून समोरच्या लेनवर पडला असेल तर तिथे पोचल्याशिवाय सोडत नाही, वळा वळा करत बसतो, सात मीटरची गाडी घेऊन यू टर्न. म्हणून रस्ता धरून ठेवायला जे पॉइंट घालायचे ते नुसते आकार देणारे घाला, थांबा नाही, गार्मिनमध्ये हा फरक करता येतो. आणि तो पॉइंट चौकात कधीच ठेवू नका, चौकाच्या पुढे सरळ रस्त्यावर थोडं अंतर सोडून ठेवा. कारच्या आखणीने काढलेला ट्रॅक असेल तर तो तुमची उंची बघत नाही हे पण विसरू नका, नाहीतर परत तीच कमान.

हो आणि चार्जरची वायर सांभाळा. काही मॉडेलमध्ये ट्रॅफिकचा रिसीव्हर त्या वायरीतच असतो, तुम्ही दुसरी साधी वायर लावली तर चार्ज होतं पण ट्रॅफिक येत नाही आणि माणूस आठवडाभर सेटिंग शोधत बसतो.

सहाव्या_गियरात

फोनमध्ये असलं वायरीचं काही नसतं, एवढंच बोलून गप्प बसतो.

मागच्या_सीटवरून

वहिनींना सांगा डिव्हाइस आल्यावर पहिल्या दिवशी ओळखीच्या रस्त्यावर चालवून बघा, जिथली कमान तुम्हाला पाठ आहे तिथे. तो तुम्हाला तिथून नेतो की वळवतो ते कळतं. नेत असेल तर मापं भरायची राहिलीत, किंवा भरून सेव्ह करायची राहिलीत. आमच्याकडे दुसरं झालं होतं.

बिऱ्हाडवाला

स्टँड काढला, चार बोल्ट होते, दोन गंजलेले. खाली सीलंट लावून भोकं बुजवली. परत मोजलं, आता 3.04. त्यात 10 मिळवून 3.14 भरणार. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या सनशेडला बायकोने मार्करने लिहून चिकटवलंय.

डिझेलकाका

फुटात पण लिहून ठेव, काही ठिकाणी बोर्ड फुटातच असतात आणि पुलाखाली थांबून कोणी हिशोब करत नाही. 3.14 म्हणजे 10 फूट 4 इंच धर. थोडं कमी होतं पण वरच्या बाजूनेच धरायचं.